बायोप्सीत निदान लागलं नाही. आता पुन्हा तुकडा द्यायचा का?

पत्राचा सारांश: वाचक भगिनीचं वय ३८. सात-आठ महिन्यांपासून पोटात उजवीकडे खालच्या बाजूला दुखतं, मधूनमधून जुलाब होतात, चार किलो वजन उतरलं आहे. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात सूज आणि बारीक व्रण दिसले, म्हणून तिथले तुकडे तपासायला पाठवले. रिपोर्ट आला: ‘क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह आयलायटिस, नॉन-स्पेसिफिक. ग्रॅन्युलोमा आढळला नाही. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक.’ आयलायटिस म्हणजे लहान आतड्याच्या या शेवटच्या भागाची सूज. डॉक्टरांच्या मते हा क्रोन्स (प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यानं आतड्याला येणारी दीर्घकाळची सूज) असू शकतो, आतड्याचा टीबी असू शकतो किंवा या दोन्हींपैकी काहीच नसेल. आणखी तपासण्या कराव्या लागतील, कदाचित पुन्हा दुर्बीण टाकून तुकडे घ्यावे लागतील. मोठ्या भावाचं म्हणणं, एकदा तुकडा काढून काही कळलं नाही, मग पुन्हा कापाकापी कशाला, अशानं दुखणं पसरतं. वहिनींच्या ओळखीतल्या एका बाईंना असाच त्रास होता, त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठवड्यात उतार पडला. त्या गोळ्या वहिनींनी आणून दिल्या आहेत. त्या सुरू कराव्यात का? आणि डॉक्टर कॅन्सरचं काही लपवत तर नाहीत ना? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘बाकी तब्येत ठीक आहे, फक्त पाठ दुखते म्हणून दोन वर्षं पेनकिलर घेते.’

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण रात्री झोप उडवणारा प्रश्न एकच दिसतो, तो कॅन्सरचा. म्हणून आधी त्याबद्दल.

बायोप्सी म्हटलं की कॅन्सर, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की तुकडा घेतला असं कळताच घरातलं वातावरण बदलतं. पण सुजलेल्या आतड्याचा तुकडा बहुतेक वेळा घेतात तो सूज कोणत्या जातीची आहे हे पाहण्यासाठी. जंतूंमुळे, औषधांमुळे, शरीराच्या प्रतिकारशक्तीनं आपल्याच आतड्यावर केलेल्या हल्ल्यामुळे किंवा रक्तपुरवठा कमी पडल्यामुळेही सूज येते, आणि दुर्बिणीतून या सगळ्या सुजा बऱ्याचदा सारख्याच लाल दिसतात. व्रण दिसूनही तुकडा घेतला नसता, तर ती तपासणी अर्धवट राहिली असती. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत, हे वाक्य कोणी सवयीनं लिहीत नाही. पॅथॉलॉजिस्टनं, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरनं, त्या पेशी मुद्दाम शोधलेल्या असतात. डॉक्टर तुम्हाला तीन शक्यता सांगताहेत, कारण आज त्यांच्यासमोर खरोखरच तीन शक्यता आहेत. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि असे रिपोर्ट मला नेहमी लिहावे लागतात. त्यामागे काहीही दडवलेलं नसतं.

आता तुमच्या भावाची काळजी. ती प्रेमापोटी आहे, पण तिला आधार नाही. कोलोनोस्कोपीच्या चिमट्यात येणारा तुकडा २-३ मिलिमीटरचा असतो. आतड्याच्या अस्तराला ताणलेलं कळतं, कापलेलं कळत नाही. त्यामुळे हवा भरली की पोटात कळ येते, पण चिमटा कधी लागला याचा पत्ताही लागत नाही. या अस्तराच्या पेशी एरवीही दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात, त्यामुळे ती जागा लवकर भरून येते. तुकडा घेतल्यानं ना सूज पसरते, ना टीबी. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. एखाददुसरा दिवस शौचातून थोडं रक्त जाऊ शकतं. निदानासाठीच्या कोलोनोस्कोपीत आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. भावाला पुढच्या भेटीला बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. घरी वाद घालण्यापेक्षा ते बरं.

‘तुकडा काढूनही काही कळलं नाही’ हे मात्र मला मान्य नाही. तुमच्या रिपोर्टमधून बरंच कळलं आहे. त्यासाठी तुकडा प्रयोगशाळेत आल्यावर काय होतं ते थोडं सांगते.

तो फॉर्मलिन या तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीतून येतो. मग त्यातलं पाणी काढून तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्या ठोकळ्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात आणि दोन रंगांत रंगवतात: पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. निरोगी मोठ्या आतड्यात अस्तरातल्या नळीसारख्या ग्रंथी स्टँडमध्ये लावलेल्या टेस्ट ट्यूबसारख्या सरळ उभ्या दिसतात. लहान आतड्यात त्या जरा आखूड असतात आणि त्यांच्या वर बोटांसारखे अंकुर असतात. सूज फार काळ राहिली की या ग्रंथी वाकड्या होतात, फाटे फुटतात, काही नाहीशाच होतात. अशी मोडतोड दिसली की आम्ही ‘क्रॉनिक’ लिहितो. ती व्हायला काही आठवडे लागतात, म्हणजे कालपरवाच्या बिघडलेल्या पोटाचं हे चित्र नव्हे. ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहितो ते न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ग्रंथींच्या भिंतीत शिरलेल्या दिसल्या तर. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी निरोगी आतड्यातही भरपूर असतात, पण न्यूट्रोफिलचं तिथे काही काम नसतं. तेव्हा तुमचा रिपोर्ट सांगतो तो असा: सूज खरी आहे, बरेच आठवडे जुनी आहे आणि आजही धगधगते आहे. आजार किती गंभीर आहे, हे या दोन शब्दांतून कळत नाही. पुष्कळ लोक ‘क्रॉनिक’ वाचून आता जन्मभर सुटका नाही असं समजतात. या शब्दाचा अर्थ तसा नाही.

राहिलं ते कारण. ‘नॉन-स्पेसिफिक’ लिहिलं जातं ते इथे. आतड्याकडे दुखणं दाखवण्याच्या तऱ्हा मोजक्या आहेत आणि आजार पुष्कळ. शिवाय चिमटा फक्त वरचं अस्तर आणतो, फार तर त्याच्या खालचा थोडासा थर. क्रोन्समध्ये सूज भिंतीच्या सगळ्या थरांत असते, तीही ठिकठिकाणी, मध्ये निरोगी भाग सोडून. टीबीतले ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे विशिष्ट पुंजके, बऱ्याचदा अस्तराखालच्या थरात दडलेले असतात. ‘ग्रॅन्युलोमा आढळला नाही’ म्हणून टीबी नाही किंवा क्रोन्स नाही असं ठरत नाही. क्रोन्स असलेल्यांच्याही दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यांत ते निम्म्याहून बऱ्याच कमी जणांत सापडतात.

आता तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलेल्या ओळीकडे येते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. डॉक्टरांना ती सांगितल्याचा उल्लेख पत्रात कुठे नाही. माझा अंदाज, तुम्ही सांगितली नसावी, कारण पाठीच्या गोळीचा पोटाशी काय संबंध असं कुणालाही वाटेल.

संबंध जवळचा आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातल्या वेदनाशामक गोळ्या लहान आतड्यात व्रण करतात. अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं त्या कमी करतात, आणि पेशींना थेट इजाही करतात. गोळीबरोबर पित्ताची गोळी घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. ती जठराला आणि त्याला लागून असलेल्या भागाला वाचवते, खालच्या लहान आतड्याला नाही. गोळीवर आवरण असलं तरी फरक पडत नाही. असे व्रण दुर्बिणीतून क्रोन्ससारखे दिसतात, काचेखालीही ‘नॉन-स्पेसिफिक’ दिसतात आणि गोळी थांबवल्यावर बऱ्याचदा काही आठवड्यांत भरून येतात.

इतकं वाचून ‘मग पेनकिलरमुळेच झालं’ असं मात्र ठरवून टाकू नका. चार किलो वजन उतरणं मला नुसत्या गोळ्यांच्या खात्यावर टाकवत नाही. त्या ओळीतला ‘पाठ दुखते’ हा भागही तितकाच मोलाचा आहे. क्रोन्स असलेल्या काहींना मणक्याच्या आणि कमरेच्या सांध्यांचाही दाह असतो. उलट बाजूनंही, मणक्याच्या दाहाच्या अशा रुग्णांचं आतडं तपासलं तर जवळपास निम्म्यांमध्ये सूक्ष्म सूज सापडते, पोटाची काहीही तक्रार नसली तरी. ही पाठदुखी ओळखता येते: चाळिशीच्या आत सुरू झालेली, सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त आखडलेपण, हालचाल केली की बरं, पडून राहिलं की वाईट, उत्तररात्री झोपमोड. तुमचं दुखणं असं आहे का, हे आज शांतपणे आठवून पाहा. आणि टीबी मणक्यालाही होतो. म्हणजे तुमची पाठ डॉक्टरांपुढच्या तिन्ही शक्यतांशी जोडलेली आहे, आणि त्यांना ती ठाऊकच नसेल तर ते चाचपडतच राहणार.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. तुकड्याच्या बाटलीबरोबर प्रयोगशाळेत एक फॉर्म येतो. त्यावर रुग्णाची माहिती लिहायला दोन-तीन ओळींची जागा असते, आणि कित्येकदा तिथे ‘आयबीडी?’ (म्हणजे क्रोन्ससारखा आतड्याच्या दाहाचा आजार?) एवढंच लिहिलेलं असतं. काचेवरचे तेच व्रण, तेच न्यूट्रोफिल. पण फॉर्मवर ‘दोन वर्षं डायक्लोफेनॅक, सकाळी पाठ आखडते, ४ किलो वजन घट’ असं असेल तर मी काय शोधायचं आणि किती खोल शोधायचं, हे बदलतं. रिपोर्टमधल्या ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’चा अर्थ हाच: आम्हाला काचेवर दिसलं ते सांगितलं, आता रुग्णाच्या हकिगतीशी ते ताडून पाहा. हकिगत अर्धी असेल तर ताडायचं कशाशी?

स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. घेऊ नका. ओळखीतल्या बाईंना उतार पडला असेल, कारण स्टेरॉइड जवळपास कुठलीही सूज दाबतं. तुमच्या डॉक्टरांच्या यादीत टीबी आहे. टीबीच्या औषधांविना स्टेरॉइड घेतलं, तर सुरुवातीला बरं वाटेल आणि आत जंतू मोकाट पसरतील. क्रोन्समध्ये जे औषध उपयोगी, तेच टीबीत घातक ठरू शकतं. डॉक्टर घाई करत नाहीत ते यासाठीच. दुसरं, आठवडाभराच्या स्टेरॉइडनंही काचेवरचं चित्र पुसट होऊ शकतं. मग पुढचा तुकडा घेऊनही ‘नॉन-स्पेसिफिक’च लिहून येईल, आणि भाऊ म्हणतील, बघ, सांगितलं होतं ना.

मग पुन्हा तुकडा द्यायचा का? माझं मत असं की लागलाच तर द्या, पण तो पहिलं पाऊल नसावं. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे.

डॉक्टरांना फोन करून गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसाला किती आणि केव्हापासून, हे सांगा. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्याही यात आल्या, तशाच इतर सगळ्या पुड्या आणि काढेही. ती थांबवायची ठरली तर पाठीसाठी तात्पुरतं काय घ्यायचं ते त्यांनाच विचारा. पॅरासिटामॉल या गटातलं नाही, म्हणून बहुधा तेच सुचवतील. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन लिहून दिलं असेल, तर ते मात्र आपल्या मनानं मुळीच बंद करू नये.

दुसरं, पहिलाच तुकडा पुन्हा पाहता येतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. २ मिलिमीटरच्या तुकड्याचे हिशेबानं चारशे-पाचशे काप निघू शकतात, आणि आम्ही पाहतो त्यातले मोजके. मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो. त्यातून आणखी खोलवरचे काप काढून ग्रॅन्युलोमा शोधता येतो, टीबीच्या जंतूंसाठी वेगळा रंग देता येतो, आतड्याच्या आजारांचा सराव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येतं. स्लाइड आणि ठोकळे मागून घेण्यात संकोच नको. यानं कुणाचा अपमान होत नाही. आम्ही आपसातही एकमेकांना स्लाइड दाखवतच असतो.

बाकीच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील: छातीचा एक्स-रे, लहान आतड्याची भिंत दाखवणारा सीटी किंवा एमआरआय, गरज वाटली तर कमरेच्या सांध्यांचा एमआरआय. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिलमधलंच प्रथिन असतं, त्यामुळे आतड्यात सूज आहे की नाही याचा अंदाज सुई न टोचता येतो. मात्र पेनकिलरनंही ते वाढतं. गोळी बंद होऊन काही आठवडे गेल्यावर ते घटलं, तर तो चांगला संकेत धरायचा. वजन उतरत असताना ही वाट अमर्याद पाहायची नसते. किती आठवडे थांबायचं, कशावर पुढचं ठरवायचं, हे डॉक्टरांकडून आधीच स्पष्ट करून घ्या.

आणि तरीही उलगडा झाला नाही, तर दुसरी बायोप्सी जरूर करा. पण ती पहिलीपेक्षा चांगली व्हावी म्हणून काही गोष्टी आधी विचारा. तुकडे किती ठिकाणांहून घेणार? व्रणाच्या तळाशी बहुधा पू आणि मेलेल्या पेशी मिळतात, म्हणून कडेचाही तुकडा हवा. निरोगी दिसणाऱ्या भागाचे आणि गुदाशयाचेही तुकडे हवेत, वेगवेगळ्या बाटल्यांत, जागेचं नाव लिहून. सूज कुठे आहे याइतकंच ती कुठे नाही हेही निदानाला लागतं: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या दाहाचा आजार) गुदाशयापासून सलग वर चढतो, क्रोन्स मध्ये मध्ये जागा सोडतो. आणि टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) व जनुकीय तपासणीसाठी एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवणार का, हे नक्की विचारा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. पहिल्या वेळी तुमचे सगळे तुकडे फॉर्मलिनमध्येच गेले असतील, तर टीबीची ही तपासणी अजून झालेलीच नाही. कल्चरच्या रिपोर्टला काही आठवडे लागतात, त्याची तयारी ठेवा.

कधी कधी एवढं सगळं करूनही क्रोन्स आणि टीबी वेगळे काढता येत नाहीत. मग काही डॉक्टर टीबीचे उपचार सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहतात. व्रण भरले तर टीबी, नाही तर क्रोन्सकडे वळायचं. तुम्हाला असा सल्ला मिळाला, तर तो अंधारात मारलेला बाण समजू नका. मात्र किती महिन्यांनी काय पाहणार, हे ठरवूनच तो मार्ग घ्यायचा असतो.

तुमच्यासारखीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी सांगते. महिनोन् महिने पाण्यासारखे जुलाब होताहेत आणि कोलोनोस्कोपी अगदी स्वच्छ आली, तरी तुकडे घेतले का ते विचारा. मायक्रोस्कोपिक कोलायटिस नावाच्या आजारात आतडं डोळ्यांना निरोगी दिसतं, सूज फक्त काचेखाली सापडते. आणि सिलिअ‍ॅक या गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आजाराच्या शंकेनं लहान आतड्याचा तुकडा घ्यायचा असेल, तर त्याआधी आपल्या मनानं गहू बंद करू नका. अस्तर सुधारू लागतं आणि तपासणी फसते.

पोट फुगून तीव्र दुखणं, सारख्या उलट्या, शौच आणि वारा दोन्ही बंद होणं, शौचातून बरंच रक्त जाणं किंवा थंडी वाजून ताप येणं, यातलं काहीही झालं, मग ते तपासणीनंतर असो की एरवी, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

वहिनींनी दिलेल्या गोळ्यांपैकी काही तुम्ही आधीच घेतल्या असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून दडवू नका. बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंदही करू नका, कारण स्टेरॉइड टप्प्याटप्प्यानंच उतरवावं लागतं. कोणत्या तारखेपासून आणि किती घेतल्या ते कागदावर लिहून न्या, आणि पुढचे तुकडे जातील तेव्हा प्रयोगशाळेच्या फॉर्मवरही ते लिहायला सांगा.